राक्षसिणींचा देश आणि पेजेची वाटी

फार पूर्वी जपानात, समुद्राकाठच्या एका देवळात एक म्हातारा भिक्षू नकाशे काढायचा. काढायचा म्हणजे काय, गुरूंचा नकाशा जसाच्या तसा उतरवायचा. मधोमध त्यांचा देश, भोवती वेटोळं घातलेला भला मोठा नाग, आणि नागाच्या पलीकडे शेजारचे मुलूख. एका मुलखात म्हणे पक्ष्यांच्या अंगाची माणसं. दक्षिणेकडच्या मुलखात राक्षसिणी, आणि खाली ओळ, 'इथं गेलेला परत येत नाही.' वर्षअखेरीस ढोल बडवून गावातली भुतंखेतं हाकलायची आणि त्या दिवशी हा नकाशा देवळात टांगायचा, असा तिथला रिवाज होता.

एका वर्षी नेमकी त्याच दिवशी एक फुटकी नाव किनाऱ्याला लागली. नावेत एक बाई आणि तिची लहानगी पोर. बाईची बोली कुणाला कळेना. तिनं दक्षिणेकडे बोट दाखवलं मात्र, गावाची पाचावर धारण बसली.

"राक्षसीण आहे," गावप्रमुख म्हणाला. "महाराज, तुमच्याच नकाशात लिहिलंय. त्याच नावेत बसवून हिला परत समुद्रात लोटू."

भिक्षू ऊन पेजेची वाटी घेऊन बाईजवळ जाऊन बसला. तिच्या पोटात कावळे कोकलत असणार, पण तिनं फुंकून फुंकून आधी लेकीला भरवलं. उरलेली पेज भिक्षूपुढे धरली, आधी तुम्ही घ्या म्हणून. म्हाताऱ्याला भडभडून आलं.

"बाबा, एक सांग," तो गावप्रमुखाला म्हणाला. "गेलेला परतच येत नाही, तर तिथं राक्षसिणी आहेत हे सांगायला कोण आलं?"

गावप्रमुख गोंधळला. "पण गुरूंचं लिहिलेलं खोटं कसं म्हणायचं?"

"माझाही जीव तिथंच अडकलाय रे. गुरूंची एक रेघसुद्धा मी आजवर बदलली नाही. पण त्यांच्या ओळीपायी या मायलेकी बुडाल्या, तर ते पाप त्यांच्या माथी लागेल. ते मला सोसायचं नाही."

देवळातल्या नकाशावरची ती ओळ त्यानं खोडली. गावप्रमुख खाली मान घालून उभा राहिला आणि मग मायलेकींना स्वतःच्या घरी घेऊन गेला. त्या वर्षी भुतं हाकलायचे ढोल काही वाजले नाहीत. पोर झोपली होती ना.

भिक्षूनं मग नवी ओळ लिहिली, 'इथं माणसं राहतात. आमचं अजून जाणं झालेलं नाही.'

तात्पर्य काय, तर ज्याचं घर पाहिलं नाही, त्याला राक्षस म्हणू नये. आणि तो दारी आलाच, तर आधी बस म्हणावं.