टिटवी आणि लाल खडा

जंगलाच्या कडेने एक नदी वाहत होती आणि तिच्या काठावर एक टिटवी राहत असे. मुलांनो, टिटवी झाडावर घरटे बांधत नाही. गोट्यांमध्ये थोडीशी जागा करून ती उघड्यावरच अंडी घालते. ही अंडी मातकट, ठिपक्याठिपक्यांची, अगदी शेजारच्या गोट्यांसारखी दिसतात. तेवढाच काय तो त्यांचा आडोसा.

एके सकाळी त्या अंड्यांपाशीच एका कावळ्याला एक लाल खडा सापडला. चिंचोक्याएवढा. नदीवर कपडे धुवायला येणाऱ्या कुणाच्या तरी अंगठीतून तो निसटला असावा. कावळ्याने काव काव करून कोल्ह्याला आणि माकडाला बोलावले.

"बघा, जमिनीच्या पोटातून आलेलं अस्सल माणिक!" कावळा म्हणाला.

कोल्ह्याने डोळे बारीक केले. "कसलं माणिक! आत बुडबुडा दिसतोय. माणसांनी भट्टीत काच वितळवून केलाय हा."

"बुडबुडा नाही, काळा डाग आहे तो. अस्सल खड्यालाच डाग असतो."

"मग तू तर सगळाच अस्सल!" माकड खी खी हसले.

टिटवीचा जीव खालीवर होत होता. माकडाची शेपटी अंड्यांवरूनच फिरत होती. "बाबांनो, जरा पलीकडे जाऊन भांडा ना," ती म्हणाली.

"इथे ऊन चांगलं आहे. आणि तुझं गं काय जातंय?" कावळा खेकसला.

काय जातंय ते सांगायची सोय नव्हती. कोल्हा समोर उभा असताना अंड्यांचे नाव कसे काढणार?

मग तिने टिटव्यांची नेहमीची युक्ती केली. पंख मोडल्याचे सोंग करून ती कोल्ह्यासमोर लंगडत चालली. एरवी कोल्हा तिच्यामागे नदीपार धावला असता. आज त्याने मानही वळवली नाही. ती पुन्हा लंगडली, कण्हली, कोलमडली.

"बाजूला हो, खड्यावर सावली पडतेय," कोल्हा म्हणाला.

टिटवीने वैतागून पंख मिटला.

"आपण ठेचूनच बघू," माकड म्हणाले. "काच असेल तर चुरा होईल." त्याने खडा एका सपाट दगडावर ठेवला, मागे न बघताच हात घातला आणि हाताला लागला तो गोटा उचलला.

ते अंडे होते!

"अरे, हा दगड इतका हलका कसा? आणि उबदारही लागतोय."

"उन्हाने तापला असेल. मार लवकर!" कावळा म्हणाला.

पण कोल्ह्याचे नाक फुरफुरले. "बघू जरा तो दगड..."

त्याच क्षणी टिटवीने झेप घेतली, लाल खडा चोचीत धरला आणि ती डोहाकडे उडाली.

"चोर! चोर! माझं माणिक नेलं!" कावळा ओरडला.

"माणिक नव्हे, काच नेली!" धावता धावता कोल्ह्याने त्याला सुधारले. माकडानेही हातातले टाकून उडी मारली. अंडे मऊ वाळूत पडले, थोडे घरंगळले आणि आपल्या भावंडांना टेकून थांबले.

टिटवीने खडा डोहाच्या मधोमध सोडून दिला. तिघेही काठावर बसले.

"अस्सल होतं, म्हणूनच तिने चोरलं," कावळा म्हणाला.

"नकली होता, म्हणूनच टाकून दिला," कोल्हा म्हणाला.

ऊन डोक्यावर आले तरी त्यांचे तेच चालले होते. एवढ्यात मागच्या गोट्यांतून बारीक आवाज आला, "टिव... टिव..."

"आता मध्येच कोण ओरडतंय?" कोल्हा करवादला.

"दुसरं कोण? ती टिटवीच असणार," माकड मागे न बघताच म्हणाले. "तिला ना, महत्त्वाचं काय चाललंय ते कळतच नाही!"

तात्पर्य : लाल खडा जमिनीतून आला की भट्टीतून, हे कळले नाही म्हणून कुणाचेच अडले नाही. मुलांनो, वस्तूची पारख जरूर करावी. पण त्या नादात हाताशी आलेला जीव दगड समजून उचलू नये.