न दुखणारा गुडघा

कृष्णाकाठच्या एका गावात वैजयंता नावाची एक बाई राहत होती. नागपंचमीला देवळापुढच्या पटांगणात बायका खेळायला जमल्या की पहिली फुगडी तिची असायची. गावाची रीतच होती तशी. जिच्या अंगात सगळ्यांत जास्त दम, तिनं पहिली फुगडी घालायची. वैजयंता अशी गरगर फिरायची की बघणारीलाच भोवळ यावी.

पण दुसरं बाळंतपण झालं आणि वैजयंता पाराच्या कडेला जाऊन बसली, ती सलग दोन वर्षं उठलीच नाही. कुणी विचारलं की म्हणायची, "गुडघा दुखतोय गं बाई."

गुडघा तिचा अजिबात दुखत नव्हता. ती खोकली, शिंकली, भरली कळशी उचलली किंवा जोरात हसली, की तिची लघवी थेंब थेंब गळायची. मग फुगडी घालणार कशी? आणि हे सांगणार कुणाला? नवऱ्याला सांगायची लाज वाटे, आईला सांगायला जीभ रेटत नसे. शेवटी तिनं आपल्या बुद्धीनं उपाय शोधले. पाणी पिणं कमी केलं, गडद रंगाच्या साड्या नेसू लागली आणि हसणं सोडून दिलं. यातलं शेवटचं फार वाईट झालं, कारण त्या घरात हसणारी ती एकटीच होती.

सासू अनसूयाबाई तोंडाची फटकळ. येताजाता ऐकवायची, "आमी चार पोरं काढली, पर अशा कदी बसलो न्हाई. औंदा उठली न्हाईस तर पयली फुगडी कायमची दुसरीला देनार म्हंत्यात बायका." जो मान वैजयंतानं स्वतःच्या पायांनी मिळवला होता, तो तिच्या डोळ्यांदेखत चालला होता.

त्या गावच्या दवाखान्यात दर मंगळवारी तालुक्याहून रेहाना मुजावर नावाची फिजिओथेरपिस्ट यायची. बाई मोठी चिकाटीची. भिंतीवरून पडलेल्या गवंड्याचा आखडलेला हात तिनं डोक्यावर नेऊन दाखवला होता. कमरेत वाकलेला ट्रॅक्टरवाला तिच्यामुळं ताठ चालू लागला होता. सुई नाही, गोळी नाही. आज एवढंसं हलवायचं, उद्या त्याहून थोडं जास्त, आणि रोज करायचं. गाव तिला मानायचं ते उगीच नव्हे.

अनसूयाबाईनं एका मंगळवारी सुनेला हाताला धरून तिथं नेलं आणि स्वतःच सांगितलं, "हिचा गुडघा बघा." रेहानाला गुडघ्यात काही सापडलं नाही. तरी बाई दुखतं म्हणते म्हणून तिनं हलका व्यायाम दिला. वैजयंतानं तो इमानेइतबारे केला. धड असलेला गुडघा आणखी धड झाला, आणि गळणारी लघवी गळतच राहिली.

तिसऱ्या मंगळवारी ऊन मी म्हणत होतं. सगळे पेशंट माठातलं पाणी घटाघटा पीत होते, वैजयंता मात्र नको म्हणाली. खोकला आला तेव्हा तिनं पटकन पायाला पायाची अढी घातली. रेहानानं ते पाहिलं. सासूला बाहेर बसवून तिनं पडदा ओढला.

"ताई, गुडघा ठणठणीत आहे तुमचा. मग त्रास कशाचा आहे?"

वैजयंताला पुन्हा गुडघ्याचं नाव घेऊन सुटता आलं असतं. तोंडावर तेच आलं होतं. पण तिनं ते गिळलं.

"म्याडम, दुखत कुटंच न्हाई. पर हसायची चोरी झालीया," असं म्हणून तिनं खाली मान घालून सगळं सांगून टाकलं.

रेहाना हसली नाही, दचकलीही नाही. "बाळंतपणात ओटीपोटाखालचे स्नायू ताणून सैल पडतात. लघवी आवरून धरायचं काम त्यांचं. गवंड्याचा हात सरावानं सुटला, तसे हेही सरावानं बळकट होतील. आणि पाणी भरपूर प्या. कमी प्यायलं की त्रास वाढतो."

तिनं वैजयंताला नीट तपासलं आणि ते स्नायू श्वास न कोंडता आवळायचे कसे, सोडायचे कसे, ते शिकवलं. वैजयंतानं त्याची सांगड चुलीशी घातली. तव्यावर भाकरी पडली की आवळायचं, मनात पाच मोजायचे, सोडायचं. पहिला महिना काहीच फरक नाही. तरी तिनं एकही दिवस चुकवला नाही. शाबास तिची! दुसऱ्या महिन्यात फोडणीच्या ठसक्यानं तिला सणसणीत शिंक आली आणि साडी कोरडी राहिली. तिला खरं वाटेना. मग तिनं मुद्दाम मिरची फोडणीला घातली आणि आणखी चार शिंका देऊन खात्री करून घेतली.

नागपंचमीला पहिली फुगडी वैजयंतानंच घातली. बायका ओरडल्या, "गुडघा बरा झाला म्हनायचा!"

मान हलवली असती तरी भागलं असतं. पण पाराच्या कडेला सात-आठजणी बसल्या होत्या. कुणाची कंबर, कुणाचं पित्त, कुणाचा गुडघा. त्यांच्याकडं बघून वैजयंता धापा टाकत म्हणाली, "माजा गुडघा कदीच दुखत नव्हता." आणि तिनं भर पटांगणात खरं ते सांगितलं. कुणीच हसलं नाही.

पुढच्या मंगळवारी दवाखाना उघडायच्या आधीच दारात बायकांची रांग लागली. रांगेत सर्वांत पुढं अनसूयाबाई उभी होती.

"काय आजी, गुडघा का?" रेहानानं विचारलं.

"न्हाई ओ," म्हातारी म्हणाली. "सुनंचं हुतं त्येच. तीस वरसं झाली, कुनाला बोलले न्हाई."

तात्पर्य: लपवलेल्या दुखण्यावर कुणालाच इलाज करता येत नाही, धीर करून खरं सांगणारी स्वतः बरी होते आणि मागच्या कितीजणींचं तोंड उघडते.