तहानलेली चाकं

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा राज्य कोणाचं होतं असं विचारलंत तर मला सांगता यायचं नाही. पोरांनो, नीट ऐका. आणि पोरांच्या आडून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, तुम्हीही जरा पुढे सरका, कारण गोष्ट खरं तर तुमच्यासाठीच आहे.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एका गाडीवानाचे दोन मुलगे राहत होते. थोरला धान्याच्या व्यापारात मोठा झाला. धाकटा बापाच्या मागे गाडीवानच राहिला. पण एक वेड दोघांनाही बापाकडून आलं होतं, जुन्या गाड्यांचं.

थोरला जुन्या गाड्या जमवायचा. कुठे देवळामागे पडलेला रथ, कुठे गवतात बुडालेला छकडा, कुठे जिच्यात कोंबड्या अंडी घालतात अशी छपराची दमणी, नुसतं कानावर आलं की हा निघालाच. आणलेल्या गाडीवर तो लाल-पिवळ्या रंगाचे जाड थर चढवी, पितळेची फुलं घासून लखलखीत करी आणि अंगणापलीकडच्या गाडीखान्यात ओळीने उभी करून ठेवी. परगावचे लोक बघायला येत. “ही एका राणीची गाडी बरं का,” तो सांगे. राणीची होती की राणीच्या माळ्याची, कोण विचारायला गेलं होतं! पाहुणे माना डोलवत आणि थोरल्याची छाती फुगे.

धाकट्याकडे एकच गाडी होती, बापाची. बाप गेला तेव्हा ती खिळखिळी झाली होती. चाकाचा एक आरा कुजला तेव्हा त्याने तो काढून बाभळीचा नवा बसवला. मग दुसरा बसवला. आस बदलला, जू बदललं, चाकावरची लोखंडी धाव विस्तवात तापवून पुन्हा घट्ट चढवली. हातांना फोड आले, बायकोची बोलणी खाल्ली, पण गाडी रस्त्याला लागली.

त्या गावात एक रीत होती. अमावस्येला बैलांना जुंपायचं नाही, आणि त्या दिवशी गाड्या ढकलत नदीच्या डोहाकाठी न्यायच्या आणि चाकं संध्याकाळपर्यंत पाण्यात ठेवायची. याला चाकांना पाणी पाजणं म्हणत. लाकूड पाणी प्यालं की फुगतं आणि धावेला घट्ट धरून ठेवतं. तहानलं की आकसतं, आणि मग धाव कधी निसटेल याचा नेम नाही. गावातली सगळी चाकं नदीवर जात. थोरल्याची तेवढी जात नसत.

“दादा, निदान एखादी तरी आण नदीवर,” धाकटा एकदा म्हणाला. “चाकं तहानली आहेत तुझी.”

“आणि रंग उतरला म्हणजे? तू देणार आहेस?” थोरला हसला. “तू आपला तुझं ठिगळ सांभाळ. बाबांचं म्हणून मिरवतोस, पण त्यात बाबांच्या वेळचं लाकूड उरलंय तरी किती? माझ्याकडे जे आहे ते सगळं मूळचं आहे.”

“लाकूड बदललं हे खरं,” धाकटा म्हणाला. “पण गाडी चालते, दादा.”

थोरल्याला ते झोंबलं. तेव्हापासून तो भावाशी तुटकच वागू लागला.

आता थोरल्याच्या मुलीबद्दल सांगायला हवं. बायको लवकर गेली, मागे ही एकच पोर. जन्मापासून पायांनी अधू होती, पण तोंडाने अखंड चालू! गाडीखान्याच्या उंबऱ्यात बसून ती एकेका गाडीला नाव देई. ही आत्याबाई, हा कोतवाल. बापाचा जीव होता तिच्यावर. तिच्याशिवाय तो जेवत नसे.

“बाबा, मला एकदा यातल्या एका गाडीत बसवून नदीपर्यंत फिरवा ना.”

“रंग वाळू दे गं.”

रंग वाळला की तो दुसरा थर द्यायचा. पोर पुन्हा विचारायची, आणि पुन्हा रंग ओला असायचा.

मग एक उन्हाळा असा आला की डोंगरावरचं गवत हात लावताच मोडू लागलं. एका दुपारी वरच्या रानात वणवा पेटला. वणवे दरसाल लागत आणि वरच्या वर विझत, म्हणून आधी कोणी फारसं मनावर घेतलं नाही. पण त्या दिवशी वारा फिरला. बघता बघता धूर गावावर उतरला, आणि जो तो नदीकडे पळत सुटला. नदी कोसभर दूर होती.

धाकट्याने गाडी जुंपली. गल्लीतले म्हातारे, एक बाळंतीण, तिचं तान्हं, सगळ्यांना वर घेतलं आणि आधी भावाच्या दारात आला.

“दादा, पोरीला दे इकडे!”

पोरीने काकाकडे हात पसरलेसुद्धा. पण गाडीत दाटीवाटीने बसलेले गावकरी थोरल्याकडे बघत होते, आणि ते बघणं त्याला सहन झालं नाही. इतक्या गाड्यांचा धनी आपण, आणि आपली पोर ठिगळाच्या गाडीतून जाणार? त्याने तिचे हात धरून तिला मागे घेतलं.

“माझ्याकडे गाड्या नाहीत का? तू हो पुढे.”

“दादा, ती चाकं...”

“हो पुढे म्हणतो ना!”

गाडीत तान्हं मूल खोकत होतं. धाकट्याने क्षणभर भावाकडे पाहिलं. “मी यांना सोडून परत येतो,” तो म्हणाला आणि त्याने बैल हाकले.

थोरल्याने सगळ्यात देखणा रथ बाहेर काढला, बैल जुंपले आणि पोरीला आत बसवलं. धूर दाटत होता तरी ती हसली. इतक्या वर्षांनी तिला गाडीत बसायला मिळालं होतं. बैलांनी ओढ घेतली. रथ अंगण ओलांडून दगडी उतारावर आला, आणि एका चाकाची धाव सुटून घरंगळत पुढे निघून गेली. तिच्यामागे आरे फटाफट निसटले. जाड रंगाच्या आत लाकूड सुकून पार आकसलं होतं.

“काही नाही, काही नाही,” तो म्हणाला. त्याने बैल सोडून दुसऱ्या गाडीला जुंपले. तिचा आसच मोडला. तिसरी तर जागची हललीच नाही. तेवढ्यात बैल बुजले आणि दावं तोडून पळाले. ज्या वेळात तो तिला पाठीवर घेऊन अर्ध्या वाटेवर पोचला असता, तो वेळ त्याने गाड्यांत घालवला होता.

शेवटी त्याने तिला पाठीवर घेतलं. मागे गाडीखाना पेटला होता. पोर कानाशी खोकत होती. “बाबा, कोतवाल जळतोय का हो?” असं तिने विचारलं. “बोलू नकोस, तोंड झाक,” तो म्हणाला आणि धावत राहिला. थोड्या वेळाने तिने गळ्याभोवतीची मिठी सैल केली. तो तसाच धावत होता.

धाकटा शब्दाप्रमाणे परत येत होता. धुरात दोघं भाऊ समोरासमोर आले. धाकट्याने पोरीला उचलून गाडीत ठेवलं, तिच्या नाकाशी हात धरला आणि आपलं उपरणं तिच्या तोंडावर ओढलं. गाडी वळली. ठिगळाच्या त्या गाडीतून थोरल्याची लेक अखेर नदीवर पोचली. गावातली इतर सगळी माणसं वाचली होती.

थोरला रडला, डोकं आपटलं, पण त्याचा आता काय उपयोग होता? आग विझल्यावर तो गाडीखान्यात गेला. लाकूड नव्हतं, रंग नव्हता. राखेत नुसत्या लोखंडी धावा पडल्या होत्या.

पुढे गाव पुन्हा वसलं. दर अमावस्येला लोक गाड्या घेऊन नदीवर जात, आणि थोरलाही येई. खांद्यावरून एकेक धाव आणून तो पाण्यात ठेवी आणि संध्याकाळपर्यंत काठावर बसून राही. लोखंड पाणी पीत नाही, हे त्याला सांगायला कोणी गेलं नाही. धाकटा तेवढा येऊन त्याच्याशेजारी बसे आणि अंधार पडला की त्याला आपल्या गाडीत घालून ढकलत घरी नेई.

तात्पर्य: जुन्या वस्तूंची नुसती रास करून तिचा अभिमान बाळगणाऱ्याच्या हाती गरजेच्या वेळी राख उरते, आणि जो एकच वस्तू कष्टाने दुरुस्त करून वापरात ठेवतो, तोच तिचा खरा धनी.