कच्च्या लिंबावर राज्य नाही

एकदा एक शिष्य आपल्या गुरूंना एक खेळ किती टाकाऊ आहे हे पटवून द्यायला गेला. शिष्य बुद्धिमान होता. संगणकावरच्या खेळांविषयी तो लिहीत असे, आणि लेखणी अशी फटकळ, की त्याचे चार शब्द वाचून हजारो तरुण एखाद्या खेळाकडे धाव घेत किंवा कायमची पाठ फिरवीत. तरीही प्रत्येक लेख तो आधी गुरुजींना वाचून दाखवी. गुरुजींना त्यातले फारसे कळत नसे. पण त्यांनी मान डोलावली की शिष्याला बरे वाटे. माणूस कितीही मोठा झाला तरी कुणाची तरी मान डोलावी असे त्याला वाटतेच.

त्या दिवशीचा खेळ शर्यतीचा होता. बुटक्या, चिमुकल्या मोटारी, नागमोडी रस्ता, आणि गावोगावचे खेळाडू आपापल्या घरी बसून एकाच वेळी धावणारे. खेळ अजून बीटा अवस्थेत होता. म्हणजे पुरता तयार नव्हता, करणाऱ्यांनी तो लोकांना नुसता खेळून पाहायला दिला होता. शिष्याने तो सकाळी पाहिला आणि दुपारपर्यंत आपले प्रथमदर्शनी मत लिहून मोकळाही झाला.

“याला रस्ता म्हणणे हा रस्त्यांचा अपमान आहे,” तो रंगात येऊन वाचू लागला. “विहिरीजवळच्या वळणावर तर धरणी दुभंगते आणि मोटार पोटात घेते. मी मी म्हणणारे तिथे पडले. ‘कच्चालिंबू’ नावाचा एक महाभाग तर अख्ख्या शर्यतीत तेवढेच करत होता. असल्या भिडूंबरोबर धावण्यापेक्षा घरी झोपा काढाव्यात.”

गुरुजी खुदकन हसले. शिष्याला वाटले, जमले! पण मान काही डोलली नाही.

“मला खेळव बघू एकदा,” गुरुजी म्हणाले.

शिष्याने संगणक त्यांच्यापुढे ठेवला आणि कोणत्या कळीने काय होते ते सांगितले. शर्यत सुरू झाली. गुरुजींची मोटार आधी कुंपणाला भिडली, मग गवतात शिरली, आणि सगळे पुढे निघून गेल्यावर रमतगमत विहिरीच्या वळणापाशी आली. तिथे त्यांनी ती चक्क थांबवली.

“गुरुजी, पुढे चला ना! माझ्या नावावर खेळताय तुम्ही!” शिष्य कासावीस झाला. पडद्यावर त्याचे ‘वायुवेग’ हे नाव झळकत होते, आणि वायुवेग सगळ्यांत मागे रस्त्याकडेला उभा होता. असा अपमान त्याने जन्मात सोसला नव्हता.

गुरुजी ढिम्म हलले नाहीत. समोर कच्चालिंबूची मोटार वळणावर आली, रस्त्यात गडप झाली, पुन्हा वर आली, थोडी मागे गेली आणि पुन्हा वळून पुन्हा गडप झाली.

“याच्याशी बोलता येतं का रे?”

“लिहिता येतं. पण लिहू काय?”

“विचार, लागलं का?”

शिष्याला हसू आवरेना. शेकडो कोसांवर कुणीतरी खुर्चीत बसले आहे, त्याला लागणार कुठे? तरी गुरूंची आज्ञा म्हणून त्याने तेवढे दोन शब्द धाडले. समोरची मोटार थबकली. मग उत्तर उमटले : “मला नाही हो, रस्त्याला लागलंय. मीच बांधलाय तो. नेमका कशानं तुटतो तेच सापडेना, म्हणून सकाळपासून पडतेय. बाकीचे पडतात, शिव्या देतात आणि निघून जातात. थांबलेले तुम्ही पहिलेच.”

शिष्याचे हसू मावळले. ज्या महाभागाची त्याने एवढी टर उडवली होती, तिनेच हा खेळ घडवला होता, आणि ती आपलाच रस्ता चाचपत बसली होती.

गुरुजी म्हणाले, “नाव काय घेतलंय तिनं, पाहिलंस ना? लहानपणी धाकटं भावंड ‘मला पण घ्या’ म्हणून रडायचं, तेव्हा आपण त्याला कच्चा लिंबू करून घ्यायचो. कच्च्या लिंबावर राज्य येत नसे. धडपडला तरी तो बाद होत नसे. आपण फार दयाळू होतो म्हणून नव्हे. उद्या खेळायला भिडू हवा असायचा म्हणून. बीटा म्हणजे आणखी काय असतं? तू तर पहिल्याच दिवशी त्याच्यावर राज्य दिलंस. तुझं वाचून उद्या कुणी फिरकलंच नाही, तर हा खेळ इथेच संपला. धावायला माणसंच नसतील तर शर्यत कसली?”

“मग मी खोटं लिहू का? रस्ता तुटतो तो तुटतोच.”

“खोटं कशाला? कच्च्या लिंबाला ‘तूच जिंकलास’ असं कुणी म्हणत नाही. पण तो पडला तर पाय कुठे अडकला ते दाखवतात. तू पहिल्यांदा व्याख्यानाला उभा राहिलास आणि मंगलाचरणातच अडखळलास, आठवतं? त्या दिवशी तुझ्याविषयी कुणी प्रथमदर्शनी मत छापलं असतं तर?”

शिष्याला आठवले. सभा पांगल्यावर गुरुजी जवळ येऊन एवढेच म्हणाले होते, दुसऱ्या चरणानंतर श्वास घेत जा. त्याने कळफलक पुढे ओढला आणि लिहिले, “मीही इथे पडलोय. ब्रेक दाबून वळलो की पडतो, न दाबता गेलो तर नाही.”

“खरंच? परत करून दाखवाल?”

मग वायुवेग म्हणवणारा तो शिष्य दुपारभर त्या वळणावर मुद्दाम पडत राहिला. गुरुजींची मान केव्हाच डोलली होती. त्याचे तिकडे लक्षच नव्हते.

लेख त्याने नव्याने लिहिला. वळण तुटते हे त्यात होतेच. शिवाय, या, पडा आणि कसे पडलात ते सांगून जा, असेही होते. लोक आले, पडले, सांगून गेले. रस्ता हळूहळू सांधला गेला.

पुढे एके दिवशी शिष्य लगबगीने आश्रमात शिरला. चेहरा कसा फुललेला.

“गुरुजी, आज कच्चालिंबूनं मला हरवलं! त्याच वळणावर मागं टाकून गेली!”

गुरुजींनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले आणि मायेने विचारले, “लागलं का रे?”