आठव्या दिवसासाठी एक शब्द

"...पण काका, गेव्हेर म्हणजे शेवटी काय धरायचं? नुसता पुरुष, की बलवान पुरुष?"

गेरशोनने वही पुढे सरकवली. एलोजी हजान, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे काका, आपल्या घराच्या ओट्यावर बसून सुंतेची सुरी पुसत होते. चौलकडच्या चार गावांतल्या सगळ्या इस्रायली, म्हणजे यहुदी, पोरांची सुंता त्यांच्याच हातची, गेरशोनचीसुद्धा. हिब्रूची अक्षरंही त्याने त्यांच्यापाशीच गिरवली होती. मग दोन वर्षं मुंबईला राहून तो आणखी शिकून आला, आणि आता काकांनाच चार गोष्टी शिकवायला उतावीळ झाला होता.

"तू काय लिहिलंस?"

"बलवान. लढणारा, जिंकणारा. साध्या माणसाला हिब्रूत दुसरे शब्द आहेत की! हा बळाचाच शब्द. उद्या सगळ्यांसमोर तेच बोलणार आहे."

उद्या त्याच्या पहिल्या मुलाचा आठवा दिवस होता. सुंतेचा दिवस.

"पोथीत एके ठिकाणी हा शब्द आईच्या पोटातल्या गर्भाला लावलाय," काका म्हणाले. "ते लिहिलंस?"

"तो अपवाद म्हणायचा, काका."

"हं..." काकांनी सुरी फडक्यात गुंडाळली. "चल, मुलगा दाखव तुझा."

गेरशोनच्या घरी नुसती धांदल चालली होती. प्रार्थनेनंतर वाटायच्या मलिद्याचे पोहे निवडून झाले होते. रेवसच्या लाँचने मुंबईचे पाहुणे उतरले होते. सुंतेआधी बाळाला क्षणभर जिच्यावर ठेवतात, ती एलियाहू हन्नाबीची, प्रत्येक सुंतेला न दिसता हजर राहणाऱ्या प्रेषिताची, खुर्चीही सिनेगॉगमधून आणून पडवीत मांडली होती. गेरशोनचा उत्साह दांडगा.

मिल्का बाळाला घेऊन बाहेर आली. काकांनी त्याच्या कपाळावर अंगठा हलकेच दाबून उचलला. खालची कातडी हळद लावल्यासारखी पिवळी दिसली.

"पितो का गं?"

"दोन घोट घेतो नि डोळे मिटतो," मिल्का म्हणाली. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थांबा. मी यांना चार दिवस तेच सांगतेय, काका. पण ऐकतंय कोण?"

"उद्या नाही," काका म्हणाले.

गेरशोनचा चेहरा उतरला, मग तापला. "आमच्या घरात आठवा दिवस कधी चुकलेला नाही. लोक काय म्हणतील? गेरशोनचं पोर पहिल्याच दिवशी मागे हटलं?"

"आजारी पोरासाठी थांबावं, हे शास्त्रच सांगतं. तुला मीच शिकवलंय."

"एवढीशी कावीळ, काका! मी धरतो त्याला. माझा हात हलायचा नाही."

"धरतोस...?" काकांनी ओट्यावरच्या कोवळ्या उन्हाकडे बोट केलं. "मग आत्ताच धर."

सात दिवसांत गेरशोनने मुलाला एकदाही घेतलं नव्हतं. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषांनी घुटमळू नये, म्हणून तो दारातूनच बघून जाई, आणि उरलेला वेळ भाषणात जाई. आता तो उन्हात मांडी घालून बसला. मिल्काने बाळ त्याच्या हातांत दिलं. काका शेजारी टेकले.



बाळाने डोळे किलकिले केले. बुबुळांभोवतीचं पांढरं पिवळं झालं होतं. मग पापण्या आपोआप मिटल्या. दुपट्यातून हाताला बरगड्या लागत होत्या.

"काका..."

"हं."

"हा हलका आहे."

"हं."

"फार हलका आहे हो, काका..."

नारळांची भरली पोती एकट्याने बैलगाडीत चढवणाऱ्या त्या हातांना हे एवढंसं ओझं कसं पेलावं ते कळेना. गेरशोन घाबरला होता. जन्मात असा घाबरला नव्हता. दुपट्यावर टपकन एक थेंब पडला, तो त्याने अंगठ्याने पुसायला पाहिलं, तर दुसरा पडला. काकांनी ते पाहिलं आणि समुद्राकडे तोंड फिरवलं.

तेवढ्यात हसाजीचुलते पाहुण्यांचा घोळका घेऊन अंगणात आले. "काय रे गेरशोन, उद्या कितीला जमायचं?"

गेरशोनने काकांकडे पाहिलं. काका समुद्रच बघत होते.

तो बाळाला घेऊन उठला. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तसाच उभा राहिला.

"उद्या नाही, चुलतेबाबा. मुलाला कावीळ आहे. बरा झाला की मग करू."

 एकजण पुटपुटला, "आणि हन्नाबीची खुर्ची आणून ठेवलीय ती?"

"तो थांबेल," काका म्हणाले. "त्याला सवय आहे."

कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळेच हसले. चुलते स्वतःच पोह्यांची टोपली आत न्यायला निघाले. दारात उभ्या मिल्काने पदराने डोळे टिपले.

गेरशोन पुन्हा उन्हात बसला. या खेपेस त्याला बाळाला कसं धरायचं ते बरोबर सुचलं. काकांकडून परत आणलेली वही शेजारीच उघडी पडली होती. तिच्याकडे नजर जाताच त्याच्यातला विद्यार्थी एकदम जागा झाला, आणि तो नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाला, "पण काका, मग त्या शब्दाचा अर्थ..."

काकांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल. गेव्हेर झोपलाय."