शेपटीला धरलेली मूठ

कुणी म्हणतं फार वर्षांपूर्वी, ओढ्याकाठच्या उंबरांवर टिंगी नावाची छोटी माकडीण राहायची. तिची शेपटी कायम आईच्या मुठीत असायची आणि आईची शेपटी आजीच्या मुठीत. तिघी निघाल्या की जणू वरातच निघायची.

"आई, सोड की गं," टिंगी म्हणायची.

"पडशील. मलासुद्धा आजीनं कधी सोडलं नाही."

एकदा पलीकडच्या फांदीवर लालबुंद उंबरं दिसली आणि टिंगीनं झेप घेतली. तिच्यामागे आई उडाली, आईमागे आजी, आणि तिघी धपाधप गवताच्या गंजीत पडल्या. टिंगी हसून लोळू लागली. आईही खिदळायला लागली.

आजी मात्र आईची शेपटी सोडेना. "माझा भाऊ असाच पडला होता," ती आयुष्यात पहिल्यांदाच हे बोलली. "खाली खडक होता."

आईनं तिला घट्ट जवळ घेतलं. मग तिनं टिंगीची शेपटी सोडली आणि हळूच म्हणाली, "आई, आता माझीही सोड."

आजीची बोटं एकेक करून उलगडली. तोवर टिंगी उंबराच्या शेंड्यावर पोचली होती.

"आजी, मला झेल," ती ओरडली.

आजीनं दोन्ही हात पुढे केले.