मागचा बाक

"मग सोडू का मी पाळकपद?"

अमोसने विचारलं तेव्हा शद्रकबाबा देवळाच्या पायरीवर बसून चपलांची माती झाडत होते.

देऊळ म्हणजे डोंगरापलीकडचं जुनं दगडी चर्च. तिथवर गाडी जात नाही. अमोस शहरातले बूट घालून घाट चढून आला होता. लहानपणी याच बाबांनी त्याला प्रार्थना शिकवली. आता तो मोठ्या चर्चचा पाळक होता. त्याच्या प्रवचनाला आत जागा पुरत नसे, लोक बाहेर मांडवात बसत.

"का सोडतोस?"

"आमची मीखलताई वारली, तेव्हापासून प्रार्थना येत नाही. माझे ओठ हलतात, लोक रडतात... आत काही नसतं. ढोंगी झालोय मी, बाबा."

"हे कुणाला सांगितलंस?"

"कुणाला सांगू? सगळे माझ्याकडेच येतात."

बाबा उठले. दोर ओढून त्यांनी घंटा वाजवली. पलीकडच्या वस्तीवरून म्हातारी तबिथाबाई काठी टेकत आली. आणखी कुणी आलं नाही.

अमोस सवयीने वेदीकडे निघाला. बाबांनी त्याचा दंड धरला आणि मागचा बाक दाखवला.

"बाबा, मी..."

"बस."

तो बसला. कित्येक वर्षांत तो बाकावर बसलाच नव्हता.

बाबांनी प्रभूची प्रार्थना सुरू केली. सावकाश, घोगऱ्या आवाजात. 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' या मागणीपाशी आले, आणि थांबले.

...

छपरात पाखरं फडफडली. तबिथाबाईने मानही वर केली नाही. बाबा डोळे मिटून उभेच.

अमोसला राहवेना. त्याने पुढचा शब्द दिला. मग त्याने ती ओळ पुरी केली. मग पुढची. क्षमेच्या ओळीपाशी येताच, जिची क्षमा मागायची राहून गेली त्या ताईचा चेहरा समोर आला. शब्द फुटेना.

तेवढ्यात तबिथाबाईने ती ओळ उचलली. तिच्या आवाजाला धरून तो शेवटापर्यंत गेला. 'आमेन' तिघांनी मिळून म्हटलं.

अमोस खूप रडला. रडून झाल्यावर छाती इतकी हलकी झाली की त्याला हसूच आलं. तबिथाबाईने ओंजळभर भाजल्या शेंगा दिल्या. त्या त्याने तिथेच बाकावर बसून खाल्ल्या. बऱ्याच दिवसांनी त्याला भूक लागली होती.

निघताना त्याने विचारलं, "बाबा, तुम्ही खरंच विसरलात? की माझ्यासाठी...?"

"रोज विसरतो," बाबा म्हणाले. "म्हणून तर एकट्याने कधी म्हणत नाही."